कॉन्चेर्टोचे बाबा

न्यू जर्सीतल्या कुठल्याही यूथ ऑर्केस्ट्राच्या रविवारच्या रिहर्सलला जा, हे गृहस्थ पार्किंगमध्ये सापडतील. बाकीचे पालक पोरांना दारात उतरवून ओक ट्री रोडवर भाजी आणायला पसार झालेले असतात. हे गाडीतच असतात. काच अर्धी खाली, मांडीवर लॅपटॉप, एक कान इमारतीकडे. सेकंड व्हायोलिनवाले नेमके कुठे घसरले ते इथे बसून कळतं, असं त्यांचं म्हणणं आहे. ते खोटं आहे हे सिद्ध करायला कोणी आत गेलेलं नाही.

त्यांना नाव आहे, नोकरी आहे, लिंक्डइनवर फोटोही आहे. पण ऑर्केस्ट्राच्या पालकवर्गात त्यांना सगळे 'कॉन्चेर्टोचे बाबा' म्हणूनच ओळखतात. कन्या पंधरा वर्षांची, व्हायोलिन वाजवते, आणि चांगली वाजवते. बाबा काही वाजवत नाहीत. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना ते पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत होते, प्रकाशयोजनेला. कॉलेजला उत्तेजनार्थ मिळालं होतं. त्यानंतर स्पर्धा या प्रकाराशी त्यांचा हिशोब चुकता व्हायचा राहिला, तो राहिलाच.

ऑर्केस्ट्राची कॉन्चेर्टो स्पर्धा वर्षातून एकदा होते. बक्षीस म्हणून फार काही पैसे मिळतात अशातला भाग नाही. जो जिंकेल त्यानं वसंतातल्या कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे उभं राहून कॉन्चेर्टोचा एक भाग वाजवायचा आणि बाकी अख्ख्या ऑर्केस्ट्रानं त्याला साथ करायची, एवढंच बक्षीस. बाबांनी हे पुण्याला आईला फोनवर समजावून सांगितलं.

"म्हणजे सोलोच ना?"

"हो आई. आणि मागे सत्तर-ऐंशी जण साथीला."

"ऐंशी? अरे, मग हिचं ऐकू कसं येणार? जोगांना एक तबला पुरायचा."

आजींनी व्हायोलिनवाल्या व्ही. जी. जोगांना समोर बसून ऐकलेलं आहे, त्यामुळे या प्रश्नाला वजन आहे. अडीचशे-तीनशे वर्षं युरोपातले संगीतकार याच प्रश्नाशी झुंजत आले: अख्ख्या ऑर्केस्ट्रात एकाचं ऐकू कसं यावं? बाबांना उत्तर सुचलं नाही. "तिथली सिस्टिम वेगळी आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

नियमावलीची पीडीएफ सप्टेंबरात निघते. ती ते सरकारी जीआरसारखी वाचतात. कॉन्चेर्टोचा एकच भाग, पाठ, पियानोच्या साथीनं. पहिल्या फेरीला व्हिडिओ. तो एका दमात घेतलेला हवा, मध्ये कापाकापी चालणार नाही, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. 'एका दमात'च्या खाली त्यांनी दोनदा रेघ मारली. मग एक्सेल उघडलं. मागच्या काही वर्षांत कोण जिंकलं, काय वाजवून जिंकलं, कुठल्या इयत्तेत होतं, गुरू कोण, हे सगळं त्यात रंग भरून मांडलेलं आहे. कन्येनं काय वाजवायचं ते या एक्सेलमधून ठरणार होतं. गुरुबाईंचं मत घ्यायचं होतं, पण शेवटी.

बेथोव्हन पहिल्याच झटक्यात बाद. त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत सुरुवातीची तीनेक मिनिटं नुसता ऑर्केस्ट्रा वाजतो आणि मुख्य वादक हातात व्हायोलिन धरून उभा. "माझी मुलगी उभी राहायला येत नाहीये," बाबा म्हणाले. स्पर्धेत ही प्रस्तावना कापतात, हे गुरुबाईंनी सांगून पाहिलं. पण "कापलेलं ते कापलेलंच दिसतं." मोत्सार्ट सोपा वाटतो म्हणून मुलं घेतात आणि एक स्वर जरी हलला तरी लख्ख दिसतो, म्हणून तो नको. सिबेलियसचा फार मोठा. शिवाय तो स्वतःच १८९१ साली व्हिएन्नात ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला नापास झालेला, हे बाबांनी कुठेतरी वाचलं आणि म्हणाले, "अपशकुन कशाला?" काबालेव्स्कीचा कॉन्चेर्टो १९४८ चा, तरुण वादकांनाच अर्पण केलेला, म्हणजे अगदी मापाचा. पण मापाचं घेतलं की परीक्षकांना वाटणार, हिला एवढंच येतं. शेवटी मेंडेल्सोन उरला. ई मायनर, ओपस ६४. पहिल्या काही सेकंदांतच व्हायोलिन बोलायला लागतं. एक मिनिट वाया नाही. बाबांमधल्या इंजिनिअरला हे मनापासून पटलं.

गुरुबाई पहिल्या दिवसापासून मेंडेल्सोनच म्हणत होत्या. एक्सेलमध्ये त्याची नोंद नाही.

"मेंडेल्सोनला लिहायला सहा वर्षं लागली," बाबांनी कन्येला सांगितलं. "१८३८ ते १८४४. तुला वाजवायला सहा महिने बास झाले." कन्येनं हेडफोन घातले.

तिचा उल्लेख इतका उशिरा आला यात माझा दोष नाही. त्या घरात सगळं याच क्रमानं चालतं. मुलगी मनस्वी आहे, रोज दोन तास वाजवते आणि कोणाला 'वाजव' म्हणावं लागत नाही. तिला खरं आवडतं ते ऑर्केस्ट्रात, फर्स्ट व्हायोलिनच्या तिसऱ्या डेस्कवर बसायला. समोर चेलो, मागून ट्रम्पेट, आणि बो सगळ्यांचे एकदम वर. "आत बसलं की सगळं अंगावर येतं," असं ती एकदा आईला म्हणाली होती. बाबांनी ते ऐकलं आणि तिसऱ्या डेस्कवरून पहिल्या डेस्कवर कसं जायचं याची वेगळी शीट केली.

साथीच्या पियानोवाल्या बाईंबद्दल लिहिलं नाही तर हे व्यक्तिचित्र अपुरं राहील. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम त्या दोन हातांनी करतात आणि तासावर पैसे घेतात. मोसमात त्यांची वेळ मिळणं म्हणजे दिवाळीत कोकणचं रिझर्व्हेशन. बाबांची झोप उडाली ती दुसऱ्याच कारणानं. याच स्पर्धेतल्या आणखी सहा मुलांच्या साथीलाही याच बाई होत्या. "म्हणजे त्या सगळ्यांची गुपितं यांना माहीत," बाबा म्हणाले. "आणि आपलीही सगळ्यांना कळणार." बाईंच्या मनात कोणाला झुकतं माप आहे का, हे चाचपायला त्यांनी त्यांना बाकरवडीचा डबा नेऊन दिला. बाईंनी डबा ठेवून घेतला, मुलीला म्हणाल्या, "त्या वरच्या जागी तू घाई करतेस," आणि घड्याळाकडे पाहिलं.

व्हिडिओ घरी काढायचा ठरलं. बाईंना शनिवारी सकाळी बोलावलं, पियानो होताच. माईक नवा. पहिला टेक संपल्यावर बाबांनी तो हेडफोन लावून ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. मागे बारीक गुणगुण येत होती. फ्रीज! आता फ्रीज गुणगुणतो हे कोणालाही माहीत असतं. पण बाबांनी फोनवर ट्यूनर लावून तो कुठल्या स्वरात गुणगुणतो तेही काढलं. अमेरिकेतली वीज साठ हर्ट्झची, म्हणून फ्रीज एकशेवीसवर. त्या सप्तकातला बी स्वर शंभरावर साडेतेवीस, म्हणजे १२३.५. मेंडेल्सोनमध्ये व्हायोलिनचा पहिला स्वर बी. "फ्रीज आपल्याला पाव सुरानं उतरा षड्ज देतोय!" बाबा ओरडले. षड्ज नव्हे पंचम, असं कन्या म्हणाली; तिला आजीनं शिकवलेलं आहे. बाबा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. "पुण्यात असतो तर पन्नास हर्ट्झ, फ्रीज शंभरवर, म्हणजे जीच्या आसपास. ई मायनरमध्ये खपून गेला असता!"

देश सोडल्याची खंत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती फ्रीजच्या स्वरावरून कोणाला झालेली हे एकच उदाहरण.

फ्रीजचा प्लग काढला. दुसऱ्या टेकला शेजारच्यांचा लीफ ब्लोअर सुरू झाला. तिसरा टेक सुरेख चालला होता, कडेन्झा (साथ थांबवून एकट्यानं वाजवायचा तुकडा) निभावली, आता शेवटची दोन पानं, तोच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. मुलीची आई बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या मेंडेल्सोनला भूक लागत नसेल, मला लागते." चौथा टेक पाठवला. फ्रीजचा प्लग मात्र रविवारी दुपारी आठवला. फ्रीजरमधल्या हापूसच्या रसाच्या नावानं घरानं आंघोळ केली.

अशा वेळी बाबा झुबीन मेहतांना मदतीला घेतात. आपल्या मुंबईचा माणूस. आणि झुबीन झाले ते वडिलांमुळे, मेहलींमुळे, हे त्यांचं आवडतं प्रमेय. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी उभी केली, पुढे लॉस एंजेलिसला जाऊन १९६४ पासून तीसहून अधिक वर्षं तरुणांचा ऑर्केस्ट्रा चालवला. सगळं खरं आहे. "प्रत्येक झुबीनच्या मागे एक मेहली लागतो," असं म्हणून बाबा चष्मा पुसतात. मेहली स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवत, एवढा तपशील त्यात गळतो.

अंतिम फेरीला पालकांना आत सोडत नाहीत. बाबा दाराबाहेर. तीन परीक्षक टेबलामागे बसून लिहितात आणि त्यांना वाटेल तिथे 'थँक यू' म्हणून थांबवतात. कन्येला कडेन्झा संपता संपता थांबवलं. तेव्हापासून निकाल लागेपर्यंत बाबांनी त्या 'थँक यू'चं जे विश्लेषण केलं ते एखाद्या घटनापीठानं केलं नसतं. लवकर थांबवलं म्हणजे खात्री पटली. कसली खात्री, हा प्रश्न उरतोच. आवाज कसा होता? वर गेला होता की खाली? कन्या म्हणाली, "बाबा, ते फक्त थँक यू म्हणाले."

निकाल लागला. पहिला आला तो बसून (bassoon) नावाचं फुंकवाद्य वाजवणारा मुलगा, मोत्सार्टचा कॉन्चेर्टो वाजवून. एक्सेलमध्ये बसूनचा रकानाच नव्हता. कन्येला उत्तेजनार्थ.

यातली गंमत बाबांनाच सर्वांत जास्त झोंबली, कारण त्यांनीच महिनाभर सगळ्यांना सांगितलं होतं की मेंडेल्सोनच्या पहिल्या भागानंतर लोकांनी टाळ्या वाजवू नयेत म्हणून एकटा बसून एक स्वर धरून राहतो आणि थेट दुसऱ्या भागात नेतो. आता या स्पर्धेत एकच भाग, तोही पियानोवर, त्यामुळे तो बसून कधी ऐकूच आला नव्हता. असा आला! कन्या मात्र किंचाळत त्या मुलाकडे धावली. तो तिच्या मागच्या बाजूला बसतो, ब्रेकमध्ये ते पिझ्झा वाटून खातात. नाटकाच्या दिवसांत अशा प्रसंगी बाबा 'आव्वाज कुणाचा' ओरडले असते. इथे त्यांनी शिष्टाचार म्हणून त्या मुलाच्या वडिलांशी हात मिळवला आणि विचारलं, "गुरू कोण?"

त्या रात्री त्यांनी बसूनच्या किमती पाहिल्या. चांगला बसून एका मोटारीच्या भावाला पडतो, हे पाहून धाकट्याचा विचार तूर्त लांबणीवर टाकला. धाकटा नऊ वर्षांचा आहे आणि फुटबॉल खेळतो. मोठीच्या कॉलेज अर्जातल्या दहा उपक्रमांपैकी एका जागी, दीडशे अक्षरांत, हा उत्तेजनार्थ कसा बसवायचा ते मात्र त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. एकशे सत्तेचाळीस अक्षरं भरली. तीन शिल्लक.

वसंतातला कार्यक्रम झाला. बसूनवाल्यानं झकास वाजवलं आणि ऐंशी जणांच्या पुढे त्याचा प्रत्येक स्वर ऐकू आला. तो आजींना व्हिडिओवरही ऐकू आला. "मोत्सार्टनं मागच्यांना गप्प बसवलंय वेळेवर," त्या म्हणाल्या. मागच्यांत तिसऱ्या डेस्कवर नात होती.

पुढच्या सप्टेंबरसाठी बाबांचं एक्सेल तयार आहे, त्यात आता बसूनचाही रकाना आहे. कन्येनं स्पर्धेत उतरायचं नाही असं ठरवलं आहे. तिला ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे, बस. आईला माहीत आहे, आजींना माहीत आहे, गुरुबाईंना आणि पियानोवाल्या बाईंनाही माहीत आहे. बाबांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुमची त्यांच्याशी ओळख असली, तर कृपा करून तुम्हीही सांगू नका.