दहा बाय सोळातील नादब्रह्मी

मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली या स्थानकांपासून शेअर रिक्षाने गाठता येणाऱ्या प्रदेशात, नादब्रह्मी गृहस्थांचा एक वर्ग नांदतो, आणि प्रत्येक सोसायटीत त्याचा निदान एक प्रतिनिधी असल्यामुळे त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा विमा कंपनीत, हॉल दहा बाय सोळाचा, आणि मनात दोन ‘टॉवर’, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे, छातीपर्यंत पोहोचणारे, घराच्या हप्त्यांशी स्पर्धा करणाऱ्या किमतीचे स्पीकर. ते कोणते घ्यावेत हा प्रश्न त्याला अनेक वर्षांपासून पडलेला असतो आणि तो सुटू नये याची काळजी तो स्वतःच घेतो.

या गृहस्थाचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे टाळी. कोणत्याही खोलीत पाऊल टाकताच तो छातीसमोर हात धरून एकच कोरडी टाळी वाजवतो, मान किंचित कलती करतो आणि समोरासमोरच्या उघड्या भिंतींवर आवाज आलटून पालटून आपटल्याने जी बारीक झणझण उमटते, तिला ‘फडफड’ असे नाव देऊन यजमानांकडे सहानुभूतीने पाहतो. भाचीसाठी स्थळ पाहायला गेल्यावर त्याने बैठकीच्या दारातच वाजवलेली टाळी मुलाकडच्यांनी होकार समजून पेढ्यांचा पुडा उघडला, आणि पुढील दहा मिनिटे दोन्ही कुटुंबांना चेहऱ्यावर कोणता भाव ठेवावा हे कळेना. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात तिसऱ्या घंटेपूर्वी त्याने मधल्या रांगेतून टाळी वाजवली, तेव्हा मागच्या रांगांनी ती उशिराबद्दलची नापसंती समजून उचलून धरली आणि हा गृहस्थ मात्र मोजमाप बिघडले म्हणून मागे वळून चिडला. शोकसभेतही त्याचा हात छातीपर्यंत जातो. पत्नी शेजारी असल्यास तो तिथेच नमस्कारात जुळतो. गंमत अशी, की गणपतीच्या आरतीत सारे घर टाळ्या वाजवत असते तेव्हा हा एकटाच हात बांधून उभा राहतो, कारण इतक्या टाळ्यांत खोली ऐकू येत नाही.

टाळीला शास्त्राधार आहे, आणि तो ऐकल्याशिवाय या गृहस्थाच्या घरी कोणाला चहा मिळत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात, म्हणून १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला त्यावर उपाय शोधण्यास सांगण्यात आले; त्याने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनच्या नळीचा सूर काढून तो विरेपर्यंतचा वेळ मोजला आणि खोलीचे आकारमान व तिच्यातील ध्वनिशोषण यांवर आवाजाचे रेंगाळणे अवलंबून असते, असा नियम मांडला. शोषणाचे माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परतत नाही. घाटकोपरच्या नादब्रह्मीला हा नियम मान्य आहे, परंतु त्याच्या खिडकीतून आवाज बाहेर गेला की उतरणीला लागलेले विमान आत येते. अंगावरचे कपडेही ध्वनी शोषतात हे लक्षात आल्यावर सॅबाइन प्रत्येक प्रयोगाला तेच कपडे घालत असे, ही माहिती मिळाल्यापासून बोरिवलीच्या नादब्रह्मीने गाणे ऐकण्यासाठी एक पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि एक बनियन राखून ठेवले आहे, आणि पाहुण्यांसमोर तो त्याच पोशाखात बसतो, ही त्या घरातील सर्वांत जुनी कुरबूर आहे.

मूळ अडचण भिंतींची आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते तो स्वर खोलीत अवाजवी फुगतो. दहा फुटांच्या रुंदीसाठी ही कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ५६ येते, सोळा फुटांच्या लांबीसाठी सुमारे ३५, आणि छत साडेनऊ फुटांवर असल्यास सुमारे ५९. म्हणजे रुंदी आणि उंची दोघी मिळून जवळजवळ एकाच ठिकाणी घुमतात, आणि डग्गा एका कोपऱ्यात ढगासारखा गडगडतो तर सोफ्याच्या मध्यावर नाहीसा होतो. स्पीकर जितका मोठा आणि जितक्या खालच्या स्वरापर्यंत जाणारा, तितका हा घोटाळा अधिक. शिवाय बहुतेक टॉवरच्या पाठीला हवा बाहेर टाकणारे भोक असते आणि भिंत जवळ असली की खर्ज आणखी सुजतो, म्हणून त्यांना भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावे लागते. दहा फुटांच्या रुंदीत तसे केल्यास ते जयविजयासारखे वाटेत उभे राहतात आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाणाऱ्या गृहिणीला रोज त्यांची परवानगी घ्यावी लागते.

गृहस्थाला हे सर्व ठाऊक असते, किंबहुना सोसायटीत ते त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते. बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीत मावेल असा, जेमतेम फूटभर उंचीचा एलएस३/५ए हा स्पीकर १९७० च्या दशकात तयार केला आणि उपनगरी शयनगृह त्या गाडीहून फारसे मोठे नसते, हे तो स्वतःच सांगतो. काळी एकच्या तंबोऱ्यातील खर्जाच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ६९ असतात, तेव्हा गायिका किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकण्यासाठी २५ पर्यंत उतरणारा स्पीकर कशाला, असा प्रश्नही तोच विचारतो, आणि त्याच संध्याकाळी २५ पर्यंत उतरणाऱ्या स्पीकरचे माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपतो.

अ‍ॅम्प्लिफायरचे, म्हणजे स्पीकरला वीज पुरवणाऱ्या ‘अ‍ॅम्प’चे, प्रकरण त्या मानाने सरळ आहे. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. ती ८७ असेल तर आठ फुटांवर बसणाऱ्या श्रोत्याला एरवी वॉटभर शक्तीही पुरते आणि गाण्यातील अचानक उसळ्यांसाठी पन्नास-साठ वॉट हाताशी असले की झाले. पन्नासाचे शंभर केल्याने केवळ तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. खरी मेख रोधात आहे: कागदावर आठ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांना तीनवर उतरतो, तेव्हा अ‍ॅम्पकडून कितीतरी अधिक प्रवाह ओढला जातो आणि दुबळा अ‍ॅम्प तापून हात टेकतो. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा आठ वॉटचा नाजूक अ‍ॅम्प घेणाऱ्याने म्हणूनच संवेदनशील स्पीकर शोधावा. एवढे समजल्यावर माणसाने लॅमिंग्टन रोडला जाऊन तासाभरात परतावे. नादब्रह्मी मात्र दोनशे वॉटांचाच अ‍ॅम्प पाहतो, जरी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली असली आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्याहून कडक.

शोरूममधील त्याचे वर्तन स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. विक्रेता ईगल्सच्या १९९४ सालच्या मैफलीतील ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावतो, कारण त्यातील ढोलाच्या ठोक्याने जगभर आजवर अनेक स्पीकर विकले गेले आहेत. गृहस्थ तो ठोका विनम्रपणे सोसून स्वतःचा पेन ड्राइव्ह पुढे करतो. तत्पूर्वी टाळी झालेलीच असते. जाड गालिचा, भिंतींवरचे शोषक तक्ते आणि घराच्या दुप्पट लांबीची जागा यांमुळे तिथे टाळी पडताक्षणी विरते, आणि गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते पुढे कोणत्याही स्पीकरमुळे उमटत नाही. एकदा अशाच एका दुकानात त्याने शांतपणे विचारले, “ही खोली केवढ्याला?”

या प्रश्नात हा सारा व्यवहार सामावलेला आहे. उपनगरात स्पीकर दहा-वीस हप्त्यांत मोठा करता येतो, भिंत एक फूट सरकवण्याचे हप्ते मुलाला फेडावे लागतात. म्हणून तो टॉवर घेतो ते आजच्या हॉलसाठी नव्हे, तर इमारत पुनर्विकासाला गेल्यावर मिळणाऱ्या हॉलसाठी. सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत इतर सभासद कॉर्पस, पार्किंग आणि भाड्याचे धनादेश यांवर भांडत असताना त्याने हॉलची रुंदी आणि छताची उंची सारखी ठेवू नये अशी सूचना मांडली. विकासकाने वास्तुशास्त्राच्या सल्लागाराकडे पाहिले, सल्लागाराने मान डोलावली, आणि इतिवृत्तात ‘सूचनेची नोंद घेतली’ एवढे एक वाक्य आले.

त्याच्याविषयी बरे लिहिणे भाग पडते ते ‘बी’ विंगमधील एका आजोबांमुळे. त्यांना बातम्या ऐकू येत नसत, सून टीव्हीचा आवाज चाळिसावर नेई आणि तरीही शब्द कळत नसत. वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात, व्यंजने त्याच स्वरांत असतात, आणि रिकाम्या भिंती उरलेसुरले एकमेकांत मिसळून टाकतात. आवाज वाढवल्याने गोंगाट तेवढा वाढतो. नादब्रह्मी आला, त्याने टाळी वाजवली, आजोबांची खुर्ची मागच्या भिंतीपासून ओढून टीव्हीजवळ आणली, समोरच्या भिंतीला जाड पडदा लावायला सांगितला आणि माळ्यावरच्या दोन गोधड्या काढून त्या सोफ्याच्या पाठीवर टाकल्या. आवाज बाविसावर आला. आजोबांनी निवेदिका फार भरभर बोलते अशी तक्रार केली, म्हणजे ती त्यांना ऐकू येऊ लागली होती. ‘ए’ ते ‘डी’ या चारही विंगमध्ये अशी घरे आहेत आणि कोणाकडूनही त्याने रिक्षाचे भाडेसुद्धा घेतलेले नाही, ज्याचे कारण तो पायीच जातो असे त्याची पत्नी सांगते.

सध्या ती इमारत पाडली गेली आहे. भाड्याच्या घरात टॉवर खोक्यांतच असून एकावर इस्त्रीचे कपडे राहतात आणि दुसऱ्यावर मिक्सर. स्वतःच्या पन्नाशीतल्या कानांना बारा-तेरा हजार कंपनांच्या वर फारसे उरलेले नाही, आणि खोक्यावर मात्र चाळीस हजारांची ग्वाही छापलेली आहे, हे त्याने वाचलेले आहे. तो त्यावर बोलत नाही. शेजारच्या तरुण जोडप्याने सल्ला विचारला तेव्हा त्याने त्यांना बिनदिक्कत शेल्फवरचे लहान स्पीकर, पन्नास वॉटांचा साधा अ‍ॅम्प आणि एक सतरंजी घ्यायला लावली. दर रविवारी सकाळी तो लेंगा आणि बनियन घालून त्यांच्याकडे किशोरीताई ऐकायला जातो, आलाप संपेपर्यंत डोळे उघडत नाही, आणि दुसरा चहा येईपर्यंत खर्ज कमी असल्याची तक्रार करत राहतो.