रा. रा. दोन टक्के यांस अनावृत पत्र

रा. रा. दोन टक्के यांस,

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्या दिव्यांग प्रमाणपत्रावर तुम्ही येणार म्हणून मी डोळा लावून बसलो होतो (एकच लावता येतो), आणि तुम्ही काही आला नाहीत. कागदावर ३८ लिहून आले. सरकारदरबारी गणती सुरू होते ४० पासून. मध्ये फक्त तुम्ही आहात. तेव्हा म्हटलं, साहेबांना अर्ज-विनंत्या पुरे झाल्या, आता थेट तुम्हालाच लिहावं.

आपली ओळख नाही म्हणून हकिकत थोडक्यात सांगतो. लेथवर काम करताना लोखंडाचा कपचा उडाला आणि उजवा डोळा गेला. डावा शाबूत आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर सरकारी मोजपट्टीवर त्याचे ३० टक्के होतात. एका डोळ्याला अंतराचा अंदाज नीट येत नाही. कपात ओतलेला चहा बशीत पडतो, आणि जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, हे पाय खाली टेकल्यावर कळतं. एकदा पाय टेकला तेव्हा पायरी होती. गुडघा मोडला, बसवला, पण पूर्ण वाकेना. मांडी घालून जेवणं संपलं, देवळात खुर्ची मागायची वेळ आली. त्याचे टक्के १२.

गुडघ्याची मोजणी बघण्यासारखी होती. डॉक्टर तरुण, वागायला चांगले. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटावेत तसलं एक साधन त्यांनी गुडघ्याला लावलं आणि म्हणाले, "काका, जमेल तेवढा वाकवा." आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? जन्मभर जे सांगितलं ते जोर लावा, प्रयत्न करा. मी दात-ओठ खाऊन वाकवला. दोन अंश जास्तच वाकला असेल. बाहेर बाकावर बसलेला एक अनुभवी गृहस्थ नंतर हळहळला, "अहो, कशाला एवढी मर्दुमकी दाखवलीत?"

तरी ३० आणि १२ म्हणजे ४२. बाकावर बसून मी ही बेरीज बोटांवर केली आणि घरी फोनही करून टाकला. पण शाळेतली बेरीज वेगळी, राजपत्रातली वेगळी. तिथे मोठा आकडा पूर्ण धरतात. मग ९० मधून तो मोठा आकडा वजा करायचा, जे उरेल त्याने लहान आकड्याला गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. नव्वदातून तीस गेले, साठ राहिले. बारा गुणिले साठ, भागिले नव्वद, बरोबर आठ. तीस अधिक आठ, अडतीस. म्हणजे गुडघ्याच्या बारा टक्क्यांपैकी चार जण सूत्रात कामी आले. त्या चौघांतले दोघे तुम्ही. उरलेल्या दोघांवर माझा दावा नाही, ते सरकारने ठेवून घ्यावेत.

सूत्र अगदीच बिनडोक आहे असं मी म्हणत नाही. सरळ बेरीज करत गेलं तर तीन-चार व्याधींचा माणूस एकशे दहा टक्के दिव्यांग निघेल आणि प्रमाणपत्राच्या चौकटीत मावणार नाही. पण मी शंभराच्या वेशीपर्यंतही पोचलो नव्हतो. मला चाळिसाचा उंबरठा तेवढा ओलांडायचा होता. शिवाय दुसरा दोष पहिल्याच्या पोटी जन्मला, दोघे मिळून मला जिन्यावर गाठतात, हे त्या गुणाकार-भागाकाराला कोण सांगणार?

सल्ले मात्र भरपूर मिळाले. बाकावरच्या त्याच गृहस्थाने विचारलं, "कान तपासलेत?" कानाचाही हिशोब असतो. चांगल्या कानाचा टक्का पाचाने गुणायचा, वाईट कानाचा त्यात मिळवायचा आणि सहाने भागायचं. एक कान पूर्ण बंद आणि दुसरा ठणठणीत असेल तर शंभर भागिले सहा, म्हणजे जवळपास १७ टक्के. डोळ्याच्या तिसात ते सूत्राने मिळवले की ४१. म्हणजे गुडघ्याऐवजी कान गेला असता तर माझं भलं झालं असतं! घरी येऊन मी दोन्ही कानांना आळीपाळीने घड्याळ लावलं. दोन्हीकडे टिकटिक स्वच्छ. "अहो, चांगलं ऐकू येतंय ना? मग तोंड का पाडलंत?" असं बायकोने विचारलं. तिला काय सांगणार?

पुढचा प्रवास तहसील कचेरीचा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० रुपये मिळतात, पूर्वी १,५०० होते. आमच्याकडे या रकमेला 'पगार' म्हणतात, आणि एखाद्याचा पगार चालू झाला की पेढे वाटतात. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत लागतं, म्हणजे महिना जेमतेम चार हजार. लेथ सुटल्यापासून त्या परीक्षेत मी पहिल्याच फटक्यात पास झालो. गरिबी पुरेशी भरली, व्यंग कमी पडलं. अर्जावर शेरा आला, 'अर्जदार ४० टक्क्यांचा निकष पूर्ण करीत नाही, सबब अर्ज नामंजूर.' त्या 'सबब'मध्ये तुम्ही दोघे बसला आहात.

मी अगदीच रिकाम्या हाताने परतलो असंही नाही. यूडीआयडी कार्ड मिळालं. ऐंशी आणि त्यापुढच्यांना निळं, चाळीस ते ऐंशीच्या मधल्यांना पिवळं, चाळिसाच्या आतल्यांना पांढरं. माझं पांढरं आहे. मी दिव्यांग आहे असं त्यावर सरकारनेच लिहून दिलंय. फक्त त्या कार्डावर ना पगार, ना एसटीची सवलत. दिसायला मात्र देखणं आहे.

तुम्ही लोक दुसरीकडे नेमकं उलटं वागता असंही ऐकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याचं प्रकरण निकाली निघालं. त्याला बोलण्याचा दोष, तो चाळिसाच्या वर भरला, म्हणून वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरवलेलं. न्यायालयाने सांगितलं की नुसता टक्का बघून माणूस बाद करता येणार नाही, हा मुलगा शिक्षण पूर्ण करू शकतो का ते तपासा. त्याला तुम्ही न बोलावता येऊन चिकटलात, आणि मी पायघड्या घातल्या तर फिरकला नाहीत. गुडघ्याबद्दलही असंच कुणी विचारलं असतं, हा माणूस लेथवर पुन्हा उभा राहू शकतो का म्हणून, तर उत्तराला कोनमापक लागलं नसतं.

असो. मी अपील करतो आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्याच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्र मान्य नसलेल्याला अपिलाची वाट ठेवली आहे. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्के जास्त असावी. कायदा करणाऱ्यांचा हात सढळ होता. आखडतो तो दोन टक्क्यांपाशी.

अपिलाचा मजकूर कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याने झकास केला आहे. 'अर्जदाराची अवस्था अत्यंत दयनीय असून' अशी सुरुवात आहे. मी म्हटलं, दयनीय काढा. तो म्हणाला, "दयनीयचे वेगळे पैसे घेत नाही, राहू द्या." वर बजावलं की तपासणीला दाढी करून जाऊ नका, इस्त्रीचा शर्ट नको, आणि डॉक्टरांनी हाक मारली की लगेच उठू नका. लोक बनावट दाखले काढतात, ती प्रकरणं पेपरात येतात, मग तपासणारे कडक होतात, आणि खऱ्या माणसाला स्वतःचंच व्यंग नाटकातल्यासारखं वठवावं लागतं. मला ते जमणार नाही. दाढी मी करणार आहे. या खेपेला गुडघा मात्र दुखेल तिथपर्यंतच वाकवणार.

तारीख मिळाली की कळवतो. तुम्ही दोघांनी वेळेवर हजर राहावं. येताना आधार कार्डाची मूळ प्रत, तिच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो आणावेत. नावात फरक नको. आधारवर 'दोन' आणि अर्जावर '२' असं निघालं तर प्रतिज्ञापत्र मागतील, आणि त्याचा खर्च माझ्याकडून होणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अडतीस टक्के दिव्यांग
(बासष्ट टक्के धडधाकट)