मालकाने घरातच राहावे

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत सोप्या अटी पुष्कळ आहेत. भाड्याच्या खोल्या किमान 1, कमाल 6. खाटा कमाल 12. समिती येते, नळ, गाद्या, टॉवेल बघते आणि ‘सुवर्ण’ किंवा ‘रजत’ असा दर्जा देते. हे सगळं माणसाला जमू शकतं. न जमणारी अट एकच: मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे. ज्या साहेबांनी ही अट लिहिली त्यांनी घर चालवलं असेल, पण सदाशिव पेठेत निवास-न्याहारी नक्कीच चालवलेली नाही.

तसा पेठेला हा धंदा नवा नाही. फक्त पूर्वी त्याची वाटणी झालेली होती. निवास म्हणजे कॉट बेसिस आणि न्याहारी म्हणजे मेस. एमपीएससीचा मुलगा खोलीतली चौथी कॉट घ्यायचा आणि जेवायला बोळातल्या काकूंकडे जायचा. चादर त्याची, बादली त्याची, पास होण्याची जबाबदारीही त्याचीच. मालकाचं दर्शन महिन्याच्या एक तारखेला. आता खोलीत चारऐवजी एक कॉट ठेवायची, उशाशी पितळी तांब्या मांडायचा, की होमस्टे तयार. भाडं महिन्यावरून रात्रीवर येतं आणि मालकाचं दर्शन मात्र चोवीस तास सक्तीचं होतं.

आमच्याकडे पहिली खोली गेली ती आईची, कारण संडास-बाथरूम तिला जोडून होतं. देव हॉलमध्ये आले, आई देवांच्या मागोमाग आली. मग आमची खोली गेली, कारण तिची खिडकी लक्ष्मी रस्त्यावर उघडते. आम्ही हॉलमध्ये आलो. पण हॉल ‘सामाईक बैठक’ म्हणून जाहिरातीत दिलेला. रात्री साडेबाराला बंगळुरूचा एक पाहुणा तिथे लॅपटॉप उघडून कॅलिफोर्नियाशी बोलत बसतो, आणि त्याच्या कॅमेऱ्यात मागे झोपलेलं कुटुंब दिसणं बरं नव्हे. उरलं स्वयंपाकघर. तिथे ओट्याखाली अंथरूण नीट मावतं, फक्त सहाच्या आत गुंडाळावं लागतं, कारण सिंहगडावर जाणाऱ्यांना सव्वासहाला चहा लागतो. अट पाळली गेली. आम्ही घरातच आहोत.

बरं, पाहुण्यांना आम्ही नको आहोत असं नाही. उलट आम्ही हवेच आहोत. हॉटेलात न मिळणारी एकमेव वस्तू म्हणजे आम्ही. “तुम्ही स्वतः जे खाता तेच द्या,” असं एका फ्रेंच बाईंनी सांगितलं. आम्ही स्वतः त्या दिवशी रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा खात होतो. तोच वाढला. वर कोथिंबीर, बाजूला दही. बाईंनी फोटो काढला, पाच तारे दिले, आणि तेव्हापासून प्रत्येक पाहुणा कुस्करा मागतो. हल्ली बायको रात्री पंधरा पोळ्या जास्तीच्या लाटते आणि त्या शिळ्या होईपर्यंत वाट पाहते. आम्ही पोह्यांवर आलो आहोत.

दिल्लीकरांची मागणी वेगळी. त्यांना पुणेरी पाटी हवी असते आणि तिच्याखाली उभा असलेला पुणेरी माणूसही. आमचे अण्णा आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांशी गोड बोलले. एका कुटुंबाने लिहिलं, ‘आजोबा फार प्रेमळ, थोडी निराशा झाली.’ तारे साडेतीन. आता अण्णा रोज सकाळी आरशासमोर “वाचता येत नाही का?” या वाक्याचा सराव करतात. आवाज चढतो, पण शेवटी “बाळा” येतंच.

परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. पारपत्राचा नंबर, व्हिसाचा नंबर, कुठून आले, इथून कुठे जाणार. एका जर्मन तरुणाने शेवटच्या प्रश्नाला “मन नेईल तिकडे” असं उत्तर दिलं. त्या रकान्यात ‘मन’ बसत नाही. शेवटी मी ‘हंपी’ टाकलं. तो बिचारा कागदाचा मान राखून हंपीला गेला. आमचा इस्लामपूरचा भाचा मात्र ‘दोन दिवस परीक्षेला’ म्हणून आला तो अजून इथेच आहे. तो परदेशी नसल्यामुळे त्याला कोणताही फॉर्म लागू होत नाही. तो कुठे जाणार हे विचारण्याची सोय सरकारने ठेवलेली नाही, आणि बहिणीने तर मुळीच नाही.

न्याहारीच्या टेबलावर इतिहासही वाढावा लागतो. “हा सार्वजनिक गणेशोत्सव सुरू कुणी केला?” असा निरागस प्रश्न पाहुणा विचारतो. अण्णा म्हणतात लोकमान्य, 1893. शेजारचे काका साखर मागायला आलेले असतात, ते दारातूनच म्हणतात भाऊ रंगारी, 1892. चहा गार होतो. पाहुणा आनंदाने व्हिडिओ काढतो, कारण हाच तो अनुभव, ज्याचे त्याने पैसे भरलेत.

आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. एक भवानी पेठेत पालखी विठोबाला, दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. लाखो वारकरी शाळांत, मंडपांत, वाड्यांच्या ओसरीवर झोपतात. त्यांना पिठलं-भाकरी मिळते, दुखऱ्या पायांना तेल चोळून मिळतं आणि पाण्याला कुणी पैसे मागत नाही. एवढ्या मोठ्या निवास-न्याहारीला ना सुवर्ण दर्जा, ना रजत, आणि गादी कडक होती अशी तक्रार आजवर एकाही माउलीने केलेली ऐकिवात नाही. आमच्याकडे मात्र परवा ‘उशी उजवीकडे कलते’ म्हणून एक तारा गेला.

आणि अनंत चतुर्दशी. मंडईतून टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे सरकते. 2022 साली ती 30 तासांहून जास्त चालली. म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर खिडकी असलेल्या त्या खोलीत झोपण्याचे पैसे घ्यायचे आणि झोप द्यायची नाही. तरीही ती खोली सहा महिने आधी जाते. उरलेल्या घरावर नातेवाईक येतात. ते पैसे देत नाहीत, पण तारेही देत नाहीत, त्यामुळे सगळ्यांत निर्धोक गिऱ्हाईक तेच. यंदा बाविसाव्या माणसाला जागा देताना आई म्हणाली, “अरे, आपण दोन दिवस कोथरूडला मावशीकडे जाऊ या.” मी तिला योजनेची अट वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग समितीलाच इथे झोपायला बोलाव.”

सूचना वाईट नाही, पण समितीलाही खिडकीच हवी असणार. म्हणून पर्यटन खात्याला आमचा साधा अर्ज आहे. पाहुण्यांच्या खाटांना 12 ही कमाल मर्यादा घातलीत, तशी मालकाच्या कुटुंबासाठी किमान मर्यादाही घाला. आम्ही एक म्हणतो आहोत. पाळीपाळीने झोपू.