रोज पाच रुपये: अतिक्रमण करणाऱ्या नवशिक्यांसाठी

तर विजयदुर्गात पाणंदीच्या कडेचा तुमचा गडगा चार हात पुढे सरकवायचं तुम्ही ठरवलंय. छान. घाबरू नका. या धंद्याचा दर कायद्यानेच ठरवून दिलाय, आणि घासाघीस करायची लाज वाटावी इतका तो माफक आहे.

१. आधी दर पाठ करा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ५३. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर अतिक्रमण करून दोषी ठरलात, तर दंड ५० रुपयांपर्यंत. त्यानंतरही हटला नाहीत, तर दिवसाला ५ रुपयांपर्यंत. कमाल धरली तरी वर्षाचे १,८२५. एवढ्या भाड्यात बंदरावर जाळी वाळत घालायलाही कुणी जागा देणार नाही.

२. सुरुवात झापांच्या मांडवाने करा. पावसापुरता. मग गणपतीपुरता. मग चिरे आणा. शेजारी विचारील, "काय रे, ह्या काय बांधतंस?" शांतपणे सांगा, "बांधतंय खंय? ठेवलंय."

३. मीटर कधी पडतो ते समजून घ्या. नवशिके इथेच उगाच झोप घालवतात. रोजचा दंड पहिला चिरा ठेवला त्या दिवसापासून लागत नाही. न्यायालयाने पहिल्यांदा दोषी ठरवल्यानंतरच्या दिवसांना लागतो. त्याआधीच्या नोटिसा, सुनावण्या, तारखा, सगळं फुकटात. देवगडला जायचं एसटीचं तिकीट तेवढं काढावं लागेल. खर्चाची मोठी बाब तीच.

४. 'चिरे काढेपर्यंत रोज पाच रुपये' असा हुकूम एका दमात झाला, तर नम्रपणे हरकत घ्या. उद्याचा गुन्हा अजून घडायचाय, आणि न घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा आज देता येत नाही, हे इंग्रजांच्या अमदानीतच उच्च न्यायालयांनी सांगून ठेवलंय. तत्त्व उत्तमच आहे. उद्या पहाटे तुम्हाला सद्बुद्धी होऊन तुम्ही स्वतःच चिरे उचललेत तर? (हसू नका. न्यायालय हसत नाही.) म्हणजे ग्रामपंचायतीने दिवस मोजायचे, सिद्ध करायचे आणि पुन्हा देवगड गाठायचं. चाळीस दिवस मोजले, तर हाती फार तर २०० रुपये. आणि मोजणार कोण? ग्रामसेवक, म्हणजे २०२४ पासूनचे ग्रामपंचायत अधिकारी. घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, ग्रामसभेचं इतिवृत्त, आणि आता तुमचे चिरे! बिचारे. दिसले की चहा पाजा.

५. वकिली फार करू नका. 'एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी?' हा प्रश्न इथे चालत नाही. चालू गुन्ह्यात प्रत्येक दिवस नवा. 'नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत, ती उलटली' हेही नाही. चालू गुन्ह्यात ती मुदत क्षणाक्षणाला नव्याने सुरू होते.

६. जागा निवडताना मात्र अक्कल वापरा. किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी; मोडलीत तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरतीरेषेकडे सरकलात, तर पर्यावरण संरक्षण कायदा गाठतो. तिथे एप्रिल २०२४ पासून दंड १० हजार ते १५ लाख, आणि उल्लंघन चालू ठेवलंत तर रोजचे आणखी १० हजार. दोषी ठरवायला तिथे न्यायालयही लागत नाही, अधिकारी पुरतो. तोच मांडव, तेच चिरे. पाणंदीवर पाच, वाळूवर दहा हजार. पाणंदच बरी.

७. कलम ५३ चं पुढचं पोटकलम कुणाला वाचून दाखवू नका. ग्रामसभेत तर मुळीच नाही. अतिक्रमण स्वतः हटवण्याचा अधिकार पंचायतीला आहे, ती हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि हटवण्याचा खर्च घरपट्टीसारखा तुमच्याकडूनच वसूल होतो.