डोळेवाला भात

भाताला डोळे असावेत, असं आमच्या घराण्यात आजवर कोणाला वाटलं नव्हतं. आमच्या कोरीट गावात मुळात भाताचा मानच बेताचा. सणवार असला, पाहुणा आला, की ताटाच्या कडेला डावभर. बाकी सगळा कारभार भाकरीकडे. दादर ज्वारीची भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरीला चेहरा नसतो आणि त्याबद्दल तिची तक्रारही नसते. पण पुतणी नंदुरबारच्या शाळेत जायला लागली, घरातल्या मोबाइलमध्ये कोरियन मालिका शिरल्या आणि एका संध्याकाळी फर्मान निघालं, "काका, उद्या डब्यात जुमोकबाप. अस्वलाचं तोंड असलेले!"

सातपुड्यात अस्वल दिसलं की शहाणा माणूस वाट बदलतो. कोरियन डब्यात ते गालातल्या गालात हसतं.

जुमोकबाप म्हणजे मुठीत दाबून वळलेला भाताचा गोळा. मीठ, तिळाचं तेल, भाजलेल्या समुद्री शेवाळाचा चुरा. पोटात कधी किमची, कधी मेयोनेजमध्ये कालवलेला टूना मासा. त्याला कान-नाक फुटले ते अलीकडे. मुळात हे घाईचं, हातावरचं खाणं. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजू शहर लष्करी राजवटीविरुद्ध उठलं, तेव्हा तिथल्या बाजारातल्या बायकांनी भात शिजवून हेच गोळे वळले आणि लढणाऱ्या पोरांच्या हातावर ठेवले. आजही त्या शहरात जुमोकबापला त्यामुळे वेगळा मान आहे. त्या गोळ्यांना कोणी गाजराचे कान लावत बसलं नसणार.

आमच्याकडे मात्र सगळं अडलं होतं कानांवरच. त्याआधी भातावर. घरात पोतंभर कोलम. सुटा, मोकळा, एक शीत दुसऱ्याला ओळख देत नाही. पाहुण्यांच्या ताटात हा गुण. मुठीत घेतला की सगळा भाऊबंदकीचा प्रकार. गोळ्याला चिकट भात लागतो आणि तो आपल्याच जिल्ह्यात, नवापूरकडे पिकतो. इंद्रायणी! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली हे वाण बाहेर पडलं. त्याच्या आईबापांत एका बाजूला आंबेमोहोर १५७, दुसऱ्या बाजूला फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेचा १९६६ सालचा आयआर-८.

आता गंमत पाहा. याच आयआर-८ पासून कोरियन शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास 'तोंगिल' नावाचा भात तयार केला. म्हणजे आपला इंद्रायणी आणि त्यांचा तोंगिल हे नात्याने सावत्र भाऊ. त्या काळी कोरियात तांदळाची एवढी ओढाताण होती, की शाळेत गुरुजी मुलांचे डबे उघडून बघत. गोंडस चेहरे बघायला नव्हे. भातात जव मिसळलेत की नाही ते तपासायला. नुसता पांढरा भात सापडला तर बोलणी खावी लागत. तोंगिल बेचव आहे म्हणून लोक नाकं मुरडायचे, पण पिकायचा रगड. १९७७ पर्यंत देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पोट भरल्यावर लोकांनी तोंगिलला हळूच निरोप दिला आणि पुन्हा चवीचा भात लावला. डब्यात अस्वल हसायला लागलं ते त्यानंतर. मला वाटतं, ज्या देशात भाताला डोळे काढायला सवड मिळते, त्या देशाचं बरं चाललंय असं खुशाल समजावं.

अस्वलाचे डोळे कापायला समुद्री शेवाळ नंदुरबारच्या बाजारात मागायला गेलो. किराणावाल्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, मासे पाळले का?" तेव्हा डोळ्यांसाठी काळे तीळ ठरले. शेंगदाणा तेलाच्या घरात तिळाच्या तेलाची छोटी बाटली आली.

सकाळी भात गरम असतानाच वळायला घेतला. तो निवला की रुसतो, मग चिकटत नाही. हात मिठाच्या पाण्यात बुडवायचा, मूठभर भात घ्यायचा, दाबायचा, फिरवायचा, परत दाबायचा. जोर जास्त झाला तर शिताचं पीठ होतं. कमी झाला तर डब्याचं झाकण उघडताच गोळ्याचा भात होतो. कडेचं एक शीत निसटलं की शेजारची चार त्याच्यामागे निघतात. मोदकाचा साचाही वापरून पाहिला, पण त्यातून अस्वल निघत नाही, निघतो तो सोंड नसलेला गणपती. मग तीळ. चिमट्याने एकेक तीळ उचलून लावताना माणसाने श्वास रोखावा. शिंक आली तर अस्वलाला कांजिण्या.

माय चुलीपाशी बसून बघत होती. "हाई काय शे रे? लाडू शे का भात शे?" मी सांगितलं, अस्वल आहे. ती म्हणाली, "जो आपलाकडे देखस, त्याले कसं खावानं?" प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर सुचेपर्यंत तिने एक गोळा उचलला, अंगठ्याने त्याच्या पोटात खळगा केला, त्यात बोटभर ठेचा भरला आणि तोंड बंद केलं. मी हात धरायला गेलो, पण विचार केला, कोरियावाले तरी पोटात किमची भरतात म्हणजे वेगळं काय करतात? मिरची त्यांच्याकडेही परकी, आपल्याकडेही. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवर निघालेली. त्यांनी ती कोबीला चोपडली, आपण तिचे नंदुरबारभोवती पथारीच्या पथारी लाल गालिचे वाळत घातले. अस्वलाच्या गालांवरची लालीही मग तिचीच झाली. केचपची गरज पडली नाही.

संध्याकाळी डबा चाटूनपुसून परत आला. पुतणीचा अहवाल असा: साध्या अस्वलांचे फोटो निघाले, ठेचावाल्यांसाठी भांडणं झाली.

कोणाला करून बघायचे असतील तर थंडीत करा. गोळे निवल्यावरच झाकण लावा, नाहीतर आत पाणी सुटतं. मेयोनेजच्या वाटेला जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये तर हा उद्योग नकोच. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि शिजलेला भात दुपारपर्यंत आंबतो. तेव्हा भाकरीच द्यावी. आणि इंद्रायणी नवा मागून घ्या. जुना मोकळा शिजतो, त्याचं अस्वल होत नाही.