आधी काडीवाला

‘‘मामा, तू एकदा रोगलाइक खेळून बघ,’’ असं भाचा म्हणाला तेव्हा मला वाटलं, ही कुठली तरी नवी साथ असावी आणि लस निघायच्या आत ती मला व्हावी अशी त्याची इच्छा असावी. मग त्याने उलगडून सांगितलं. १९८०मध्ये ‘रोग’ नावाचा एक गेम निघाला. चित्रं नाहीत, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. दर वेळी भुयार नवं, आणि मेलात की मेलात, पुन्हा श्रीगणेशा. त्या घराण्यातले ते सगळे रोगलाइक.

‘‘म्हणजे गाण्यातल्यासारखं घराणं?’’

‘‘हो. फक्त इथे सूर चुकला की तंबोरा डोक्यात घालतात.’’

याला आता तीन महिने झाले. ती साथच होती. माझं पहिलं निदान बरोबर होतं.

मला लागण झालेल्या गेमचं नाव ‘डार्केस्ट डंजन’. व्हँकुव्हरच्या रेड हुक स्टुडिओज या कंपनीने तो २०१६च्या जानेवारीत बाजारात आणला. गोष्ट अशी, की एका पूर्वजाने वाड्याखाली नको ते उकरून काढलं, घराण्याचं वाटोळं केलं, आणि आता वारसाने, म्हणजे आपण, ते निस्तरायचं. कोकणात ज्याची सामायिक जमीन आहे त्याला हे कथानक समजावून सांगावं लागत नाही. वर हा पूर्वज मेल्यावरही गप्प बसत नाही. आपला माणूस पडला की खर्जातल्या आवाजात सुनावतो, जिंकलो तरी फार हुरळू नका म्हणून बजावतो. आवाज वेन जून यांचा. तो इतका भारदस्त आहे, की पहिल्या दिवशी मी खुर्चीत सावरून बसलो होतो.

गावात घोडागाडी येते, तिच्यातून उमेदवार उतरतात. त्यातले चार निवडायचे आणि भुयारात धाडायचे. याला टीम बिल्डिंग म्हणतात. टीम बिल्डिंगचा मला पूर्वानुभव होता. आमच्या ऑफिसने एकदा सगळ्यांना लोणावळ्याला नेलं होतं. डोळे मिटून मागे पडायचं, सहकारी झेलतो, त्यातून विश्वास वाढतो, असा खेळ होता. मी पडलो. सहकारी चहाला गेला होता.

या गेममधले सहकारी त्याच तोलामोलाचे आहेत. सुरुवातीला रेनॉल्ड नावाचा एक धर्मयोद्धा मिळतो. चिलखत, तलवार, चेहऱ्यावर तेज. आणि सवय अशी, की पेटी उघडली की आतला माल परस्पर लंपास. ऑकल्टिस्ट म्हणून एक मांत्रिक आहे. तो जखमीवर उपचार करतो, पण त्याचा गुण शून्यापासून कितीही येऊ शकतो, आणि वर कधीकधी रोग्याला रक्तस्राव सुरू होतो. एकदा माझ्या मरणाच्या दारातल्या गड्यावर त्याने मंत्र टाकला. आकडा आला शून्य, रक्त मात्र भळाभळा. आमच्या सौ. मागून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘अहो, हा आपल्या कोपऱ्यावरचाच की!’’ (डॉक्टरांचं नाव त्यांनी घेतलं, मी घेत नाही. अजून त्यांच्याकडेच जावं लागतं.)

खरी गंमत मात्र ताणाची. प्रत्येकाच्या नावाखाली ताणाची पट्टी असते. शंभर भरले की माणूस कसाला लागतो. चारातला एखादा त्यातून तावूनसुलाखून वीर होतो. बाकीच्यांचं लग्नघरातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखं होतं. औषध पुढे केलं तर नको म्हणतो, पाळी आली की जागचा हलत नाही, शिवाय इतरांना टोमणे मारून त्यांचाही ताण वाढवतो. दोनशेला हृदयविकाराचा झटका. म्हणून मोठ्या शत्रूच्या दालनात शिरण्याआधी, अलीकडच्या मोकळ्या खोलीत, सरपण असेल तर शेकोटी पेटवून मुक्काम करावा, पोटभर खाऊ घालावं, मनं हलकी करावीत. तरवारीला धार लावण्यापेक्षा याने जास्त लढाया जिंकल्या जातात. हे मला सोळाव्या अंत्ययात्रेनंतर उमगलं.

आता मोठे शत्रू. खेळाडू त्यांना ‘बॉस’ म्हणतात. सबंध हयात नोकरीत गेल्यामुळे हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो.

पहिला माझा पाडाव केला वराहराजाने. अवाढव्य डुक्कर, आणि त्याच्या मागे विल्बर नावाचं चिमुकलं डुक्कर. विल्बर स्वतः फारसं मारत नाही. नुसतं बोट दाखवतं. ज्याच्याकडे दाखवलं त्याच्यावर राजा तुटून पडतो. माझ्यासारखा सरळ माणूस काय करणार? आधी चुगलखोराचा बंदोबस्त. माझ्या प्लेग डॉक्टरबाईंनी विषाची कुपी भिरकावली, विल्बर विव्हळून गेलं, मी टाळी वाजवली. आणि राजा पिसाळला. त्यानंतर तो एकेकाला मारत बसला नाही, चौघांना एकाच दणक्यात घेऊ लागला. दोन दणक्यांत दुकान बंद.

‘‘मामा, विल्बरला हातच लावायचा नाही,’’ भाचा म्हणाला. ‘‘चुकून लागेल असं शस्त्रही न्यायचं नाही. तो बोट दाखवेल, दाखवू दे. राजा पडला की विल्बर काय, किरकोळ.’’

हे मला बत्तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. आमच्या एका साहेबांचा एक लाडका होता. कोण उशिरा आलं, कोण जेवणाच्या सुट्टीनंतर डुलक्या काढतं, हे तो आत जाऊन सांगायचा. मी त्याला सर्वांसमोर एकदा चांगला झापला. पुढची दोन वर्षं माझा तालुका बदलत राहिला.

दुसरी ती चेटकीण. तिच्यापुढे भलीमोठी कढई. ती आपल्यातला एक गडी उचलते आणि सरळ आधणात सोडते. तो आत शिजत असताना आपल्यापुढे धर्मसंकट. कढईवर घाव घालून त्याला काढायचं, की कढईमागच्या म्हातारीला हाणायचं? मन म्हणतं, काढ बाहेर. मी दोनदा काढला. म्हातारीने लगेच दुसरा टाकला. शिवाय गडी कढईत गेला की उरलेले तिघे रांगेत पुढे सरकतात, आणि मागून बाण मारणारी बाई आघाडीवर येऊन पोचते, जिथून तिला बाणच मारता येत नाही. कँटीनच्या रांगेत असं पुढे सरकायला मिळालं तर माणूस खूश होतो. इथे मरतो. तेव्हा चारही माणसं अशी घ्यावीत, की जागा हलली तरी प्रत्येकाला मागच्या शत्रूपर्यंत पोचता यावं, आणि शिजणाऱ्याला शिजू द्यावं. अगदी मरणाला टेकला की कढई त्याला आपणहून बाहेर टाकते.

मी हे सौ.ना उत्साहाने समजावत होतो. त्या भाजी निवडत होत्या. ‘‘म्हणजे आपला माणूस उकळतोय आणि तुम्ही म्हातारीशी भांडताय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यात नवीन काय?’’

सासूबाई आमच्याकडेच असतात, एवढं सांगून पुढे जातो.

तिसरी तोफ. आठ पौंडी. दरोडेखोरांनी रानात आणून ठेवलेली, पोलादी, राक्षसी. मी तिच्यावर सगळं बळ खर्च केलं, आणि ढुम्म! चौघेही भाजून निघाले, ताण छपराला. पुन्हा गेलो, पुन्हा ढुम्म. तिसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवले. तोफ आपणहून गोळा डागत नाही, हे तेव्हा दिसलं. ती नवी माणसं बोलावत राहते, आणि त्यांत एक किडमिडीत इसम असतो. काडीवाला. त्याची पाळी आली की तो वात पेटवतो. काडी लागली नाही तर तोफेचा बार फुसका.

काड्या करणाऱ्यांविषयी मराठी माणसाला कुणी शिकवावं असं काही नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन विंगांमध्ये तोफा डागल्या गेल्या, तेव्हा दोन्हीकडच्या तोफा मुळात सज्जन होत्या. काडी तिसऱ्यानेच लावली होती, आणि सभेत मिटवामिटवी करायला तोच उठून उभा राहिला.

मग मी चपळ माणसं निवडली. थडगी फोडून पोट भरणारी एक बाई आहे, ग्रेव्ह रॉबर. अंगात फार जोर नाही, पण सगळ्यांच्या आधी तिचा हात चालतो. तिच्यासोबत कुत्रेवाला घेतला. नियम एकच, नवा काडीवाला आला की त्याची पाळी येण्याआधी तो आडवा. मग उरलेल्या वेळात तोफ ठोकायची. वराहराजाच्या वेळी ज्याला हात लावायचा नाही म्हणून शिकलो, त्याच जातीच्या माणसाला इथे सर्वांत आधी मारायचं. भाच्याला मी विचारलं, की समोरचा विल्बर आहे की काडीवाला, हे ओळखायचं कसं? तो म्हणाला, ‘‘एकदा हरून.’’

रात्री पावणेदोनला तोफ पडली. माझी आरोळी ऐकून सासूबाई उठल्या, चोर आला असं समजून त्यांनी दिवे लावले. पूर्वजाने खर्जात दोन वाक्यं टाकली. रेनॉल्डने त्याही दिवशी एका पेटीतलं काहीतरी उचललं. उचलू दे.

सकाळी भाच्याला फोन केला. त्याने अभिनंदन केलं आणि सांगितलं, की ही पहिली पायरी. पुढे बारा पौंडी आहे, तिच्यानंतर सोळा पौंडी. काडीवाला तिन्हीकडे आहे.