पाळण्याला पेन्शन नाही

आमच्या जळकोटात निवृत्त फक्त माणसं होतात, आणि तीही सरकारी नोकरीतली. त्यांना शाल मिळते, श्रीफळ मिळतं, 'आता नातवंडांत रमा' असा सल्ला मिळतो. वस्तूंना ही सोय नाही. शेतातलं डिझेल इंजिन विहिरीवरून सुटलं की पिठाच्या गिरणीला लागतं. खिळखिळी झालेली जीप काळी-पिवळी होऊन उदगीरच्या फेऱ्या मारते. म्हणून मुंबईच्या भाच्यानं फोनवर हळहळत सांगितलं, "मामा, एस्सेल वर्ल्डमधल्या राइड्स कायमच्या थांबल्या," तेव्हा मी सहज विचारून गेलो, "मग आता कोणत्या जत्रंत लागल्या?"

"काय बी बोललालाव, मामा!" असं म्हणून तो हसला. मी मात्र मनापासून चौकशी करत होतो.

गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. आमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलं नाही, पण टीव्हीवरची त्याची जाहिरात आम्हाला पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती. तिथं जाऊन आलेला मनुष्य गावात महिनाभर भाव खायचा. आधी खाडी ओलांडायला बोटीत बसावं लागतं, हे तो अशा थाटात सांगायचा की पुढच्या झिपर डिपर नावाच्या रोलर कोस्टरचं वर्णन ऐकण्याआधीच आमच्या पोटात गोळा यायचा. २०२२ मध्ये ते बंद झालं. दिल्लीचं अप्पू घर तर त्याच्याही आधीचं. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या हत्तीचं नाव घेऊन ते १९८४ मध्ये उघडलं आणि २००८ मध्ये मिटलं. ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी गेली. जिथं पाळणे फिरायचे तिथं आता तारखा फिरतात. पोटात गोळा येण्याची परंपरा तेवढी टिकून आहे.

आमच्याकडं पाळणे बघायचे तर मार्गशीर्षात माळेगावला जावं. अहमदपूर ओलांडून लोह्याच्या वाटेला लागलं की खंडोबाची ही यात्रा लागते. देवस्वारी निघते, भंडारा उधळतो, घोडे-उंट-गाढवांचा बाजार भरतो, कुस्त्या होतात, लावणीचे फड रंगतात. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून आकाशपाळणा फिरत असतो. शेजारी ब्रेकडान्स, टोराटोरा आणि कोलंबसची नाव. समुद्र पाहिलेला नाही असा माणूसही माळेगावात पाचपन्नास रुपयांत कोलंबसच्या नावेत बसून ओकून येतो.

हे पाळणे कधीपासून फिरतात, असं एकदा पाळणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "परवाच उभा केलाय." उत्तर बरोबरच होतं. त्याचा पाळणा ट्रकमधून आडवा येतो. अँगल, पिना, नटबोल्ट वेगवेगळ्या पोत्यांतून येतात. पायाखाली लाकडी ठोकळे सारून तो सरळ केला जातो, जनरेटर जोडला जातो, रिकामे पाळणे फिरवून बघितले जातात. यात्रा उठली की सगळं पुन्हा मोकळं होऊन पुढच्या गावाला निघतं. जो दर पंधरा दिवसांनी जन्माला येतो त्याचं वय मोजायचं कुठून? बागेतली राइड एका जागी उभी राहते, म्हणून ती म्हातारी होते. तिच्या जमिनीचा भाव वाढत जातो आणि एक दिवस जमीन राइडपेक्षा मोठी होते. जत्रेतला पाळणा बदलीवर असलेल्या तलाठ्यासारखा. कुठंच मुरत नाही, त्यामुळं कुठून त्याला काढावंही लागत नाही.

याचा अर्थ तो जास्त भरवशाचा आहे असं मी म्हणणार नाही. वर गेल्यावर कुठूनतरी करकर ऐकू आली की मीही मल्हारीचं नाव घेतो. गंजलेल्या पिनेला परंपरेचा अभिमान नसतो; तिची वेळ झाली की तिला घरी पाठवावंच. पण पाळणेवाले पीन बदलतात, पाळणा बदलत नाहीत. दरवर्षी वरून नवा ऑइलपेंट लागतो. एकदा रंगाचा पोपडा उडालेला दिसला, तर आतून लाल, त्याच्या आत पिवळा, त्याच्याही आत हिरवा निघाला. बहुतेक आत कुठंतरी लोखंडही असावं.

मौत का कुआँमध्ये तर निवृत्तांचं संमेलनच भरतं. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर यामाहा आरएक्स १०० गरगरत असते. तिचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. तिच्या मागून मारुती ८०० येते. तिला कंपनीनं २०१४ मध्ये निरोप दिला. रस्त्यावर चालण्याचं वय झालं म्हणून ज्यांना घरी बसवलं, त्या इथं भिंतीवर चालतात, आणि स्वार हात सोडून लोकांनी पुढं केलेल्या नोटा उचलतो.

जगात सगळीकडं असंच चालतं का, म्हणून वाचत गेलो. जॉर्ज फेरिसनं १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात २६४ फूट उंचीचं चक्र उभं केलं. ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं. आमच्या तालुक्यातलं एखादं गाव सरपंचासकट एका फेरीत वर गेलं असतं. पण एवढं मोठं धूड पोसणार कोण? १९०६ मध्ये सेंट लुईसला सुरुंग लावून ते पाडलं आणि भंगारात घातलं. कॅनडातल्या क्रिस्टल बीच या बागेतला कॉमेट नावाचा रोलर कोस्टर नशीबवान. तो १९४८ मध्ये बांधला तेव्हाच त्यात आधीच्या, १९२७ च्या सायक्लोन नावाच्या कोस्टरचं लोखंड वापरलं होतं. १९८९ मध्ये, म्हणजे आपलं एस्सेल वर्ल्ड उघडलं त्याच वर्षी, ती बाग बंद पडली. कॉमेट सुटा होऊन अमेरिकेत गेला आणि १९९४ पासून तिथं धावायला लागला. हा कॉमेट मला आपल्याकडचा वाटतो.

पण सगळ्यात जवळचं वाटलं ते व्हिएन्नाचं चक्र. १८९७ मध्ये बादशहाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं होत आली म्हणून ते उभारलं. १९१६ मध्ये ते पाडायची परवानगीही निघाली. मात्र पाडायला पैसे नव्हते, म्हणून ते तसंच राहिलं! पुढं १९४४ मध्ये युद्धात जळालं. १९४७ मध्ये तीसऐवजी पंधराच डबे लावून पुन्हा फिरायला लागलं, ते आजही फिरतंय. निधीअभावी रखडलेल्या कामांनी माणसाचं भलंही होतं, हे आमच्या तालुक्याला कुणीतरी सांगायला हवं.

एवढं वाचून झाल्यावर लक्षात आलं, की यंत्रांची काळजी आपण उगीच करतो. पाळण्यातून खरे निवृत्त होतात ते बसणारे. माझी निवृत्ती कुणी जाहीर केली नाही. एका यात्रेत पोरांनी चपला, मोबाइल, चष्मे आणि अर्धी खाल्लेली रेवडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खालीच थांबा." तेव्हापासून मी जत्रेतला मालखाना सांभाळतो. या पदाचे फायदेही आहेत. पाळणा हलायच्या आधीच ओरडणारे कोण, नव्या नवरीपुढं छाती काढून बसलेला आणि वर गेल्यावर तिचाच दंड धरणारा कोण, हे खालूनच नीट दिसतं.

यंदा मात्र गंमत झाली. चार पाळणे एका बाजूला भरले आणि समोरची बाजू रिकामी राहिली. पाळणेवाल्यानं गर्दीवरून नजर फिरवली, ती माझ्या पोटावर येऊन थांबली. "काका, या, बसा. तिकीट नको. समोर वजन पायजेल." तोल साधल्याशिवाय चक्र नीट फिरत नाही आणि तोलाला वय लागत नाही. चपलांचा ढीग बायकोच्या हवाली करून मी पाळण्यात जाऊन बसलो. मानधन नाही, पण नेमणूक तर झाली.

डॉक्टरांनी दहा किलो कमी करायला सांगितलंय. मी त्यांच्याकडं पुढच्या मार्गशीर्षापर्यंत मुदत मागितली आहे.